मी मेल्यावर काय म्हणाल, बावीस तारखेच्या आत सांगा

६ जानेवारी

चि. मास्तरीणबाईंस,

अनेक आशीर्वाद. फोन केला असता, पण लाँड्रीत मशीनच्या आवाजात माझं मला ऐकू येत नाही आणि घरी फोन कानाला लावला की तुझा बाप शेजारी येऊन बसतो. शिवाय फोनवर तू नुसतं "बरी आहे" म्हणतेस. पत्रात तरी खरं लिहितेस.

काम असं आहे. हॉस्पिटलात नवे व्यवस्थापक आलेत. वय चाळिशीच्या आत, आणि केस इतके चापूनचोपून की वाटावं डोक्यालाच इस्त्री फिरवलीय. आल्या आल्या त्यांनी फलकावर हुकूम लावला. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने 'उत्तरार्धाचा अर्थ' हा टपालाने चालणारा अभ्यासक्रम करायचा. चार पाठ आहेत. मार्चअखेर प्रमाणपत्र दाखवायचं. "ज्यांना आपल्या जीवनाचा उद्देश सापडणार नाही त्यांना सन्मानपूर्वक विश्रांती देण्यात येईल." मी मुकादमांना विचारलं, सन्मानपूर्वक विश्रांती म्हणजे काय हो? ते म्हणाले, "घरी बसवणार. आधी फुलं देणार."

मला चौपन्न पुरी झाली. एकोणतीस वर्षं इथे चादरी आणि गाऊन हाताळले. घरी बसून करू काय? तुझ्या बापाचं तोंड बघत बसले तर आठवड्याच्या आत आम्हां बहीणभावांपैकी एकाला अपघात विभागात आणावं लागेल. मला घरी बसायचं नाही. बाकी उद्देशबिद्देश मला कळत नाही, एवढं मात्र पक्कं कळतं.

तर पुस्तिकेच्या पाठीवर केंद्राचा पत्ता छापलाय, आणि तो तुझ्याच कचेरीचा निघाला! मी म्हटलं, देव आहे. तू उत्तरपत्रिका तपासतेस ना? मग चारही पाठांची उत्तरं कळव. मी नीट उतरवून काढीन. नऊ वर्षांची असताना शाळेतून आलीस की पाटी घेऊन मला शिकवायला बसायचीस. माझं अक्षर तूच वळवलंयस, त्याला बट्टा लावणार नाही.

तुझी,
आत्या

ता. क. घडीवालीलाही उत्तरं सांगू, की आपल्यातच ठेवू?


१२ जानेवारी

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र वाचून मी आधी दाराला कडी लावली. घडीवालीला काही सांगू नकोस. तुलाही मी काही सांगू शकत नाही. हे पत्र वाचून झालं की तुझं आधीचं पत्र फाडून टाक. (ते माझ्याकडे आहे हे आत्ता लक्षात आलं. मी फाडते.)

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी सरांना जाऊन सांगितलं की माझी सख्खी आत्या उमेदवार आहे. सर एकतीस वर्षांचे आहेत. त्यांना त्यांचा उद्देश एकोणतिसाव्या वर्षी सापडला आणि तेव्हापासून ते तो इतरांना सापडवून देतात. ते म्हणाले, "मग काय झालं?" मी म्हटलं, काही झालेलं नाही, पण होऊ शकतं. म्हणून मी लेखी विनंती केली की तुझ्या उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर येऊ नयेत. त्या शेजारच्या टेबलावर जातील. मार्चमध्ये माझी नोकरी कायम व्हायची आहे, आत्या. आपल्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. लोक म्हणायला नकोत की पहिली गेली आणि पहिलीच पकडली गेली.

घाबरू नकोस. पुस्तिकेत छापलंच आहे की इथे बरोबर किंवा चूक असं उत्तर नसतं. तपासणाऱ्याकडे उत्तरांचा तक्ता असतो, हे मात्र छापलेलं नाही. हे मी तुला सांगायला नको होतं. विसरून जा.

पहिल्या तीन पाठांना वीस-वीस गुण, चौथ्याला चाळीस. पन्नासला प्रमाणपत्र. एवढं पुस्तिकेतच आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

तुझी,
मास्तरीण


३ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईंस,

तुझ्या प्रामाणिकपणाला दृष्ट लागो. तीन पाठांचा निकाल आला. साठापैकी सोळा.

तूच वाचून सांग, माझं काय चुकलं. प्रश्न होता, "सकाळी तुम्हाला काय उठवतं?" मी लिहिलं, आधी लघवी, मग घड्याळ. शेरा आला, "आणखी खोल जा." आता याहून खोल कुठे जाऊ?

"तुम्ही स्वतःला शेवटचं कधी हरवलंत?" गेल्या वर्षी, नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या मागच्या बाजूला. वॉर्डबॉयने बाहेर आणून सोडलं.

"तुमच्या खांद्यावर कसलं ओझं आहे?" ओल्या चादरींचं, खेपेला वीस किलो.

"तुम्ही आयुष्यभर काय शोधत आलात?" इथे मी सविस्तर लिहिलं. ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या चादरींतली भोकं. प्रत्येक चादर मी खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरते. टाचणीएवढं भोक दिसलं तरी ती बाजूला, कारण त्या भोकातून जंतू थेट फाडलेल्या पोटात जातात असं जुन्या डॉक्टरीणबाईंनी मला शिकवलं होतं. आणि दुसरं म्हणजे कवळ्या. पेशंट कवळी काढून उशीशी ठेवतात, चादर बदलताना ती गुंडाळून इथे येते. सध्या पलंग क्रमांक चौदाची शोधते आहे. याला वीसपैकी सहा. शेरा: "प्रतीके चांगली. पण कवळीतून काय सुचवायचं आहे?"

कवळीतून दात सुचवायचे आहेत.

घडीवालीचा निकाल ऐक. साठापैकी चौपन्न! तिच्या सुनेने लिहून दिलं होतं, "मी एक नदी आहे." नदी म्हणे! तिला बादलीभर पाणी उचलवत नाही. आणि बॉयलरवाल्याने कागद कोराच पाठवला, त्याला पंचेचाळीस. "मौन हे परिपक्वतेचं लक्षण." तो म्हणतो, पेन सापडलं नव्हतं.

आता चौथ्या पाठात मला चाळीसपैकी चौतीस हवेत. नाहीतर फुलं. उत्तर सांगू नकोस, पण लिहायचं कसं एवढं तरी सांग.

आत्या


९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझी सगळी उत्तरं खरी आहेत. तक्त्यात ती नाहीत, एवढंच. या महिन्यात माझ्या टेबलावरून एक्केचाळीस नद्या गेल्या, सतरा पणत्या आणि आठ वटवृक्ष. एका निवृत्त वजनमाप निरीक्षकाने "मी अथांग आहे" असं लिहिलं होतं. त्याला मी तक्त्याप्रमाणे अठरा दिले. (आम्ही हिरवी शाई वापरतो. लाल शाईने उमेदवाराचं मन दुखावतं, म्हणून नापास हिरव्या शाईत करतात.)

लिहायचं कसं, हे सांगणंही बहुधा नियमात बसत नाही. मी दोन दिवस विचार केला. शेवटी असं ठरवलं की जे मी तुला नऊ वर्षांची असताना सांगितलं होतं तेच पुन्हा सांगायला हरकत नसावी, कारण तेव्हा मी नोकरीला नव्हते. प्रश्न दोनदा वाच. त्यात जे करायला सांगितलंय तेच कर, कमी नको, जास्त नको. मनचं काही लिहू नकोस.

मला तुझी काळजी वाटते. माझीही वाटते, आणि मग तुझी सोडून माझी वाटली म्हणून लाज वाटते.

मास्तरीण


१९ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईंस,

तुझा सल्ला म्हणजे सोन्याचा तुकडा! काय सांगू, जादू झाली.

चौथा पाठ आला. "तुम्ही या जगात नसाल तेव्हा लोक तुमच्याबद्दल काय म्हणतील? तुमच्यासोबत काम करणाऱ्या दहा जणांची मतं लिहा." घडीवालीची सून घरबसल्या दहा मतं रचून मोकळी झाली. मी मात्र तू सांगितलंस तसं केलं. प्रश्न दोनदा वाचला. दहा जणांची मतं म्हणजे दहा जणांना विचारायला हवं. वही घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत मुकादमांपासून सुरुवात केली. म्हटलं, "मुकादम, मी मेल्यावर तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणाल? बावीस तारखेच्या आत सांगा, नंतर उपयोग नाही."

मुकादमांच्या हातातला डबा खाली पडला. हा माणूस एकोणतीस वर्षांत माझ्याशी "लवकर" आणि "अजून नाही झालं?" याखेरीज तिसरं बोलला नव्हता. म्हणाले, "बाई, बसा." आणि स्वतःची खुर्ची दिली. मग म्हणाले, "कधी कळलं?" मी म्हटलं, "परवाच टपालाने आलं." ते म्हणाले, "टपालाने कळवतात? काय दिवस आलेत!" आणि रुमाल शोधायला लागले.

घडीवालीने तर गळाच काढला. मागच्या हिवाळ्यात माझी शाल नेलीन् ती आणून दिली. तिच्या सुनेने गरम सूप धाडलं. थिएटरची मोठी सिस्टर स्वतः खाली आली. लाँड्रीत उजेड किती आहे हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. मला ओल्या चादरी उचलू देत नाहीत. मी हात लावला की तिघं धावतात.

आणि कालची गोष्ट ऐक. खुद्द व्यवस्थापक खाली उतरले! माझे दोन्ही हात हातात घेतले. माझे हात ओले होते, तरी सोडले नाहीत. म्हणाले, "तुम्ही प्रमाणपत्राची चिंता अजिबात करू नका. तुमची जागा तुमचीच आहे. शेवटपर्यंत."

बघ, पाठ पुरा व्हायच्या आधी निकाल! तुमच्या केंद्राला मी उगाच नावं ठेवली. अभ्यासक्रम मी करते आहे आणि माणसं त्यांची सुधारताहेत.

तुझी भाग्यवान,
आत्या


२३ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार वगैरे नंतर. तू बरी आहेस ना? खरं सांग. पत्रात तरी खरं सांग.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा अंगावर काटा आला, की हे गमतीत सांगून तू माझ्यापासून काही लपवत तर नाहीस? मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तिला काय धाड भरलीय? आत्ता माझ्याशी भांडून बाजारात गेली." तेव्हा जीव भांड्यात पडला. तिसऱ्यांदा वाचलं आणि दुसरीच धास्ती बसली.

आत्या, त्या सगळ्यांना वाटतंय की तू मरणार आहेस! "कधी कळलं" म्हणजे आजार कधी कळला. "शेवटपर्यंत" म्हणजे निवृत्तीपर्यंत नव्हे गं.

तू मुद्दाम खोटं बोललेली नाहीस, हे मला मान्य आहे. पण आता तुला कळलंय, आणि कळल्यावर गप्प बसणं हे खोटंच. उद्याच्या उद्या जाऊन सगळ्यांना सांग. ते सूप परत करता येणार नाही, पण शाल परत देऊ नकोस, ती तुझीच होती.

मास्तरीण


२ मार्च

चि. मास्तरीणबाईंस,

आशीर्वाद. पत्र वाचून मी एवढी हसले की तुझा बाप स्वयंपाकघरातून पळी घेऊन धावत आला. मरणार आहे गं, पण इतक्यात नाही.

तुझी आज्ञा शिरसावंद्य मानून दुसऱ्या दिवशी गेले. मुकादमांना म्हटलं, "अहो, मला काही झालेलं नाही." ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात," आणि पुन्हा रुमाल. थिएटरच्या सिस्टरला सांगितलं. तिने हात धरून नेलं आणि रक्त, लघवी, छाती, सगळं तपासून घेतलं. सगळं चोख निघालं. तर लाँड्रीत बातमी काय, की इतक्या तपासण्या केल्या म्हणजे नक्कीच शेवटचा टप्पा! व्यवस्थापकांपुढे जाऊन ठणकावून सांगितलं की मी ठणठणीत आहे. त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी फलकावर माझं नाव, मथळा "धैर्याचा आदर्श". मुख्य कचेरीत म्हणे माझा फोटो गेलाय.

तीनदा खरं बोलून झालं. चौथ्यांदा बोलले तर माझं स्मारक उभारतील. मी गप्प बसले.

पण पाठाचं सांगायचं राहिलं. दहाही मतं वहीत आली. मी घरी येऊन वाचली. आठ जणांनी लिहिलं होतं, "फार प्रेमळ", "कधी कुणाला उलट बोलली नाही", "चेहऱ्यावर सदैव हसू". मास्तरीण, मी कधी गं प्रेमळ होते? घडीवालीशी माझी चार वर्षं बोलचाल नव्हती. ती वही वाचताना वाटलं, मेली ती दुसरीच कुणीतरी बाई, मी चुकून तिच्या घरी भेटायला आलेय.

सिस्टरने मात्र वेगळं सांगितलं. म्हणाली, "ही गेल्यावर आम्ही गाऊन उघडू आणि नाड्या सापडणार नाहीत, तेव्हा तिची आठवण काढू." थिएटरचा गाऊन उलटा घडी करायचा असतो, आतली बाजू वर. म्हणजे डॉक्टरांचा धुतलेला हात बाहेरच्या अंगाला लागत नाही. आणि नाड्या अशा ठेवायच्या की उचलताच सिस्टरच्या बोटांत याव्यात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच एकदा दारातून त्यांची शोधाशोध पाहिली होती, तेव्हापासून तशी घडी घालते. एकोणतीस वर्षांत कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही. मला वाटायचं कुणाच्या लक्षातच आलेलं नाही.

आणि बॉयलरवाला म्हणाला, "तू गेलीस की मशीन आणतील. मशीन चादर उजेडासमोर धरत नाही."

म्हणून आठ मतं खोडली आणि ही दोन पाठवली. मनचं लिहू नकोस म्हणालीस ना? दुसऱ्याच्या मनचं खोटंही मग कशाला लिहू? गुण मिळतील ते मिळतील. माझी जागा आता तशीही पक्की आहे, शेवटपर्यंत!

आत्या


१२ मार्च

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. हे पत्र मी पाचव्यांदा लिहिते आहे. आधीच्या चारांत मी फार चांगली दिसत होते, म्हणून फाडली.

पहिली गोष्ट. शेजारच्या टेबलावरच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि तुझा चौथा पाठ माझ्याकडे आला. पाकिटावर नुसता क्रमांक असतो, पण अक्षर पाहताच मी उठून सरांकडे गेले. सर म्हणाले, "तूच तपास. तुझी नि:पक्षता मला बघायचीच आहे." तक्त्यात लिहिलंय, प्रत्येक मताला चार गुण. मतं दोन. मी आठ दिले. सोळा आणि आठ चोवीस. आत्या, ती दोन मतं वाचताना मी टेबलावर रडले आणि नंतर हिरव्या शाईने लिहिलं, "अपुरे."

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. पाच तारखेला मी तुमच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिलं, की माझी आत्या निरोगी आहे आणि झालेला गैरसमज केंद्राच्या पाठामुळे झाला. मला राहवेना. तू तीनदा सांगितलंस आणि त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा लेखी कळवणं माझं कर्तव्य आहे असं वाटलं. तुझी जागा खोट्यावर टिकून आहे हे मला माहीत असताना मी इथे बसून दुसऱ्यांच्या नद्या तपासायच्या कशा?

काल सरांनी मला बोलावून नोकरी कायम झाल्याचं पत्र दिलं. म्हणाले, सख्ख्या आत्यालाही नापास करणारी मुलगी केंद्राला शोधून सापडली नसती.

मी दोन्ही वेळा नियमाने वागले. माझ्याकडून चुकीचं काहीच झालेलं नाही, आणि मला तोंड दाखवायला जागा नाही.

मास्तरीण


२८ मार्च

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझं उत्तर नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मला तुमच्यात ओढू नका." तू आजारी नाहीस, एवढंच त्यांच्याकडून काढून घेतलं.

तीन दिवसांनी तुझा कामावरचा शेवटचा दिवस असेल. मी यायचं ठरवून दोनदा पिशवी भरली आणि तुझ्यासमोर उभी राहून काय बोलू हे न सुचून दोनदा रिकामी केली.

काल कचेरीत एक कोरी पुस्तिका उरली होती. (सरांना विचारून घेतली.) पहिला पाठ मी स्वतःसाठी सोडवला. आजवर चारशेच्या वर उत्तरपत्रिका तपासल्या, पण स्वतः कधी सोडवली नव्हती. तुला पाठवते आहे.

सकाळी तुम्हाला काय उठवतं? – भीती. रात्री झोपताना काहीतरी चुकून राहिलं असेल ही.

तुम्ही स्वतःला शेवटचं कधी हरवलंत? – बारा मार्चला. त्याआधी सापडले होते की नाही, आठवत नाही.

तुमच्या खांद्यावर कसलं ओझं आहे? – माझ्या कॉलेजच्या फीसाठी तू केलेल्या दुहेरी पाळ्यांचं.

यात एकही नदी नाही. तक्त्याप्रमाणे मला दोन किंवा तीन गुण मिळतील.

मास्तरीण


११ एप्रिल

चि. मास्तरीणबाईंस,

अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला कारण राग आला होता. आधी आठवडाभर खरा आला, मग तुला कळावं म्हणून आणखी थोडा ठेवला. मग कामातून सवड मिळेना. काम कसलं, ते क्रमाने सांगते.

तुझं पत्र पोचल्यावर व्यवस्थापकांनी मला वर बोलावलं. कागद हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही मरणार नाही, हे खरं आहे का?" मी म्हटलं, "आत्ता नाही." ते म्हणाले, "मग कधी?" म्हटलं, "ते तुमच्याही बाबतीत सांगता येणार नाही." ते फार दुखावले. मुख्य कचेरीला काय सांगायचं, फोटो गेलाय! फलकावरचं नाव उतरलं. आणि बाकीचे असे चिडले की मी जगून त्यांचा विश्वासघात केला. मुकादमांनी खुर्ची मागून घेतली. घडीवाली म्हणाली, "माझ्या सुनेने सूप दिलं होतं!" जणू ते मी आता ओकून द्यावं. मला बरं वाटलं. आपल्या लाँड्रीत परत आल्यासारखं.

एकतीस मार्चला फुलं मिळाली. शेवटच्या तासापर्यंत गाऊन घडी करून मी घरी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले (लघवी, मग घड्याळ) आणि अंथरुणात बसून राहिले. कशासाठी उभं राहायचं ते कळेना. तेव्हा तुमचा तो पहिला प्रश्न मला पहिल्यांदा समजला. तो विचारायला तुमचे सर लागत नाहीत, एक रिकामी सकाळ पुरते.

आता पुढची गंमत. आमच्यापैकी प्रमाणपत्र मिळालेल्या सगळ्यांना व्यवस्थापकांनी बढती दिली. ज्यांना उद्देश सापडला त्यांना चादरी काय उचलायला लावायच्या? ते आता 'प्रेरक' आहेत. छातीला बिल्ला आणि वरच्या मजल्यावर टेबल. घडीवाली तिथे दिवसभर बसून तरुणांना नदीविषयी सांगते. बॉयलरवाल्यालाही बिल्ला दिला. तो टेबलाशी गप्प बसून असतो आणि लोक त्याच्याकडे सर्वांत जास्त जातात. खाली लाँड्रीत उरले कागदोपत्री अजून एकोणपन्नासचेच असलेले मुकादम आणि नवं मशीन.

चार तारखेला थिएटरात दोन डॉक्टर हात धुऊन, पोलिसांनी पकडल्यासारखे हात वर करून उभे. सिस्टर गाऊन उघडते तो सुलटा, नाड्या कुठे पत्ता नाही. दुसरा उघडला, तोही तसाच. मशीनला कुणी नापास केलेलं नसल्याने ते बेधडक घडी घालत होतं. सिस्टरने तिथूनच व्यवस्थापकांना फोन लावून विचारलं, उलटी घडी घालणारं कुणी आहे का? शोधाशोध झाली. सगळ्या हॉस्पिटलात हे काम येणारी आणि उद्देश न सापडलेली अशी एकच बाई होती.

मुकादम मला न्यायला घरी आले. दारात उभे राहून म्हणाले, "लवकर."

तर आता मी रोज सकाळी चार तास जाते. फक्त थिएटरचे गाऊन आणि हिरव्या चादरी. वॉर्डाच्या चादरी आता बाहेर धुवायला जातात, त्यामुळे कवळ्या कोण शोधतं कोण जाणे, चौदा नंबरची शेवटपर्यंत मिळाली नाही. पूर्वीची जागा गेली ती गेलीच. कागदावर माझ्यापुढे 'तात्पुरती' असं लिहिलंय. बॉयलरवाल्याला सांगितलं तर तो पहिल्यांदा हसला. मला हे चार तास पुरतात असं नाही. दुपारी तुझा बाप आणि मी, हे आहेच. पण खिडकी तीच आहे आणि उजेड सकाळचाच चांगला असतो.

आता तुझं. सहा वर्षांची असताना शाळेतून तू कुणाची तरी पेन्सिल घेऊन आली होतीस. मी तुला त्या उन्हात तशीच माघारी नेली आणि ती परत करायला लावली. वाटभर रडलीस. त्या दिवशी मला वाटलं होतं, मी फार चांगलं काम केलं. आता वाटतं, थोडं कमी चांगलं केलं असतं तरी चाललं असतं. पण पेरलं मी आणि उगवल्यावर बोंब तुझ्या नावाने मारू? पुढच्या वेळी एवढंच कर. माझ्याबद्दल कुणाला पत्र लिहायचं असेल तर आधी मला लिही. मी तुला अडवणार नाही, पण मला आधी कळू दे.

तुझी उत्तरपत्रिका तपासली. पेन्सिलने, कारण शाई कसलीही असली तरी दुखतेच. पहिल्या प्रश्नाला पूर्ण गुण, खरं लिहिलंयस. दुसऱ्याला अर्धे. तू हरवलेली नाहीस, तू बावरलेली आहेस. तिसऱ्याला शून्य. त्या पाळ्या मी केल्या, माझ्या खांद्याने. तू त्यांचं ओझं वाहतेस म्हणजे दुसऱ्याची पेन्सिल घेऊन हिंडते आहेस. परत कर.

एकूण पन्नास टक्के. पास.

चौथा पाठ मात्र माझ्याकडून करून घेऊ नकोस. दहा जणांना विचारशील तर नऊच जण शोध, कारण तू नसताना मी काय म्हणेन, याचं उत्तर मी देणार नाही. ती जागा कोरीच ठेव. तक्त्याप्रमाणे शून्य घाल, मला त्याची सवय आहे.

रविवारी ये. पिशवी भरलीस की रिकामी करू नकोस.

तुझी,
तात्पुरती आत्या